तराफा किनाऱ्यावर सोडावा : संगणकातील जुन्या अपडेट-फायलींविषयी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत धम्म, शिक्षण, आरोग्य अशा विषयांवर जाणकार मंडळी दरवर्षी लिहितात. त्या पंक्तीत संगणकाच्या साफसफाईवर लेख कशाला, असा प्रश्न वाचकांना पडेल. मी काही संगणकतज्ज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. परंतु आपल्या अभ्यासिकेतील संगणकाच्या बाबतीत अलीकडे जे घडले, त्यातून मी जे शिकलो ते आपल्या घराघरांतील मुलामुलींच्या आणि विहारांच्या उपयोगाचे आहे असे वाटल्याने हे चार शब्द लिहीत आहे.

१४ ऑक्टोबर ही तारीख आपल्या समाजाला सांगावी लागत नाही. १९५६ साली याच दिवशी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. योगायोग असा की, २०२५ साली नेमक्या याच तारखेला मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या संगणक-प्रणालीची नेहमीची मोफत सुरक्षा-सेवा थांबवली. त्यामुळे अनेकांनी आपापले संगणक 'विंडोज ११' वर नेले. आपल्या अभ्यासिकेचा संगणकही एका दुरुस्तीवाल्याकडून नव्या प्रणालीवर करून आणला. संगणक परत आला तो नव्या कपड्यातल्या मुलासारखा स्वच्छ दिसत होता. पण पडद्यावरचे जुने फोल्डर गायब होते. "जुने काही राहिले नाही, सगळे नवीन टाकले," असे उत्तर मिळाले.

त्या जुन्या फोल्डरांत काय होते? मंडळाच्या कार्यक्रमांची छायाचित्रे तर होतीच. त्याहून मोलाचे म्हणजे आपल्या वस्तीतील वृद्ध आयाबायांच्या आवाजातील आठवणी होत्या. लहानपणी आईचे बोट धरून दीक्षाभूमीवर गेलेल्या, मिळेल त्या गाडीने प्रवास केलेल्या, पांढरे लुगडे नव्हते म्हणून शेजारणीचे मागून नेसलेल्या आयांच्या लेकींनी ते सारे आपल्या तोंडाने सांगितले होते. त्यांपैकी दोघी आज हयात नाहीत. ते आवाज गेले म्हणून सर्वांनाच हळहळ वाटली, आणि नंतर आपण सारे गप्प बसलो.

सहाव्या दिवशी एक विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसली. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला स्कॅन करून साठवायला गेली तर संगणक म्हणाला, जागा नाही. अर्जाची मुदत दोन दिवसांवर आलेली. सगळे जुने गेले असेल, तर संगणक भरला कशाने? या प्रश्नाचा शोध घेताना दोन्ही गोष्टींचा उलगडा झाला.

जागा जाते कुठे ?

अभ्यासिकेच्या संगणकातील डिस्क १२८ जीबीची आहे. संगणक मात्र तिची जागा ११९ जीबी दाखवतो. यात कोणी फसवलेले नाही. डिस्क तयार करणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, तर विंडोज १०२४ च्या पटीने मोजते. माप वेगळे म्हणून आकडा वेगळा. या ११९ पैकी जेमतेम ३ जीबी मोकळी होती.

संगणक-प्रणाली म्हणजे एकदा बांधून संपलेले घर नव्हे. तिची डागडुजी सतत चालू असते. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या दुरुस्त्या पाठवते. त्यांना आपण 'अपडेट' म्हणतो. याशिवाय वर्षाकाठी एखादी मोठी सुधारणा येते, आणि काही वर्षांनी प्रणालीच बदलते. या प्रत्येक दुरुस्तीत जुना भाग काढून नवा बसवला जातो. पण नवा भाग नीट चालला नाही तर? यासाठी जुना भाग लगेच फेकला जात नाही. नवे दार चौकटीत बसेपर्यंत आपण जुने दार अंगणात ठेवतो, तसेच हे आहे. अडचण अशी की, दार बसल्यावरही जुने दार अंगण अडवून पडून राहते.

अशा उरलेल्या फायलींचे मुख्य प्रकार चार आहेत.

१) जुनी प्रणाली. मोठा बदल झाला की आधीची संपूर्ण प्रणाली सी-ड्राइव्हमध्ये 'विंडोज.ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. नवी प्रणाली पटली नाही तर १० दिवसांच्या आत 'गो बॅक' हे बटन दाबून मागे जाता येते. त्यानंतर विंडोज हे फोल्डर सहसा स्वतःच काढून टाकते. याचा आकार १० ते ३० जीबीपर्यंतही भरतो.

२) उतरवून घेतलेल्या अपडेट-फायली. इंटरनेटवरून आलेली अपडेट आधी 'सॉफ्टवेअर-डिस्ट्रिब्यूशन' या फोल्डरमध्ये उतरते आणि मग बसते. मध्येच वीज गेली, इंटरनेट तुटले, अपडेट अर्धवट राहिली, तर असे अर्धेमुर्धे गठ्ठे तेथे साचू शकतात.

३) घटकांचे कोठार. याचे नाव 'विन-एस-एक्स-एस'. प्रणालीचे सुटे भाग आणि त्यांच्या आधीच्या आवृत्त्या येथे असतात. बसवलेली अपडेट काढायची झाली तर याच कोठाराचा आधार लागतो.

४) वाटपाच्या फायली. एका घरातील किंवा कचेरीतील एका संगणकाने अपडेट उतरवली की ती शेजारच्या संगणकाला देता यावी म्हणून काही प्रती ठेवल्या जातात. यादीत यांचे नाव 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स' असे दिसते. त्या काढल्याने काहीही बिघडत नाही.

आधी पाहावे, मग पुसावे

आता आपल्या संगणकाकडे वळू. साफसफाईची यादी उघडली तेव्हा 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' म्हणजे जुनी प्रणाली या नावापुढे २६ जीबी असा आकडा दिसला. खूण करून बटन दाबले असते तर तेथल्या तेथे प्रश्न मिटला असता. शेजारी उभी असलेली मुले तसे म्हणतही होती. पण माझा हात थांबला. त्याला कारण माझी नोकरी.

बँकेत जुनी व्हाऊचर्स आणि रजिस्टरे कोणी मनात आले म्हणून जाळत नाही. त्यासाठी केंद्र सरकारचे १९८५ चे नियम आहेत. काही नोंदी किमान ५ वर्षे, तर काही ८ वर्षे जपाव्या लागतात. मुदत झाल्यावरही गठ्ठा सोडून पाहायचा, आत चुकून चालू खात्याचा किंवा कोर्टातल्या प्रकरणाचा कागद नाही ना याची खात्री करायची, नोंद करायची आणि मगच नष्ट करायचे, ही शिस्त अंगवळणी पडलेली. म्हणून म्हटले, हा गठ्ठाही सोडून पाहू.

'विंडोज.ओल्ड' उघडले. आत 'यूजर्स' नावाचे फोल्डर. संगणकाने परवानगी विचारली, 'कंटिन्यू' दाबले. त्यात जुन्या खात्याचे नाव, आणि त्या नावाखाली 'डेस्कटॉप', 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स' जसेच्या तसे! आयाबायांचे सारे आवाज तेथे होते. ९ जीबीचा तो ठेवा चार दिवसांनी आपोआप पुसला गेला असता, किंवा आम्हीच त्या क्षणी आपल्या हाताने पुसला असता.

असे का झाले, तेही समजून घ्यावे. साध्या पद्धतीने, जुन्या प्रणालीवरूनच वर चढत नवी प्रणाली घेतली की आपल्या फायली जागच्या जागी राहतात. परंतु डिस्क न पुसता नवी प्रणाली स्वतंत्रपणे टाकली, तर जुनी प्रणाली आणि सी-ड्राइव्हवरील आपल्या जुन्या खात्याच्या फायली एकत्रच 'विंडोज.ओल्ड' मध्ये ढकलल्या जातात. दुरुस्तीवाल्याने खोटे सांगितले असे मी म्हणत नाही. त्यालाही बहुधा ठाऊक नसावे. पण ज्याचा ठेवा आहे त्याने तरी पाहायला हवे होते, आणि तो ठेवा आपला होता.

प्रत्यक्ष कृती

ज्यांना आपल्या संगणकावर हे करायचे आहे, त्यांच्यासाठी पायऱ्या क्रमाने देतो.

१) प्रथम आपल्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. 'विंडोज.ओल्ड' असेल तर त्यातील 'यूजर्स' फोल्डर उघडून पाहावे आणि आपले जे असेल ते बाहेर काढावे. काढलेली फाइल एकदा उघडून किंवा ऐकून पाहावी.

२) नवी प्रणाली काही दिवस वापरून पाहावी. छपाईयंत्र चालते का, मराठी टंक उमटतो का, मंडळाची जमाखर्चाची फाइल उघडते का, हे तपासावे. जुनी प्रणाली पुसल्यावर मागे जाता येत नाही.

३) 'स्टार्ट' दाबून 'डिस्क क्लीनअप' असे टाइप करावे. सी-ड्राइव्ह निवडावा. पहिली यादी दिसेल ती लहान असते. तेथे 'क्लीन अप सिस्टीम फाइल्स' हे बटन दाबल्यावर संगणक पुन्हा मोजणी करतो आणि मोठी यादी देतो.

४) यादीतील 'विंडोज अपडेट क्लीनअप', 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स', 'टेम्पररी फाइल्स' आणि खात्री झाली असल्यास 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' यांवर खूण करावी. प्रत्येक नावापुढे किती जागा सुटेल तो आकडा असतो, तो वाचावा.

५) हेच काम 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'स्टोरेज', 'टेम्पररी फाइल्स' या मार्गानेही होते. मात्र तेथील यादीत 'डाउनलोड्स' हेही नाव असते. तो कचरा नव्हे. आपण इंटरनेटवरून उतरवलेले दाखले, निकालपत्रे, प्रवेशपत्रे त्यातच असतात. २०१८ च्या सुमारास हे नाव डिस्क क्लीनअपच्या यादीतही आले होते, तेव्हा सरसकट सर्व चौकोनांवर खुणा करणाऱ्यांच्या कामाच्या फायली गेल्या. पुढे ते तेथून काढण्यात आले. म्हणून खूण करण्यापूर्वी नाव वाचावे.

६) या कामाला कधी कधी अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. त्यानंतर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. उरलेली साफसफाई त्या वेळी होते. पडद्यावर आकडा अडकल्यासारखा वाटला तरी वीज तोडू नये. ज्या भागात भारनियमन आहे तेथे वेळ पाहूनच हे काम हाती घ्यावे. मांडीवरचा संगणक असल्यास चार्जर लावलेला असावा.

आपल्या संगणकावर आधी ९ जीबीचा ठेवा बाहेरच्या डिस्कवर घेतला, आणि दुसरी प्रत एका पेन-ड्राइव्हवर. मग जुनी प्रणाली २६ जीबी, अपडेटचे अवशेष ५ जीबी आणि वाटपाच्या फायली १ जीबी असे ३२ जीबी पुसले. मोकळी जागा ३ वरून ३५ जीबी झाली. विद्यार्थिनीचा अर्ज त्याच संध्याकाळी गेला.

काय करू नये

'विन-एस-एक्स-एस' हे कोठार फाइल एक्सप्लोररमध्ये फार मोठे दिसते. ते पाहून अनेकांचे हात शिवशिवतात. पण त्यातील कोणतीही फाइल हाताने पुसू नये. पुसल्यास संगणक सुरू होणेच बंद होऊ शकते. शिवाय तो आकडा फसवा असतो. तेथील अनेक फायली आणि प्रणालीच्या इतर फोल्डरांतील फायली या प्रत्यक्षात एकच असतात, एकाच माणसाचे नाव दोन याद्यांत असावे तशा. त्यामुळे एकच जागा दोनदा मोजली जाते. या कोठाराची सफाई विंडोज स्वतः अधूनमधून करते. नवा घटक बसल्यावर ती किमान ३० दिवस थांबते आणि मग त्याची जुनी आवृत्ती काढते. ज्यांना घाई आहे आणि थोडी माहिती आहे, त्यांच्यासाठी 'डिस्म' नावाचे साधन आहे. त्याची 'स्टार्ट-कॉम्पोनन्ट-क्लीनअप' ही आज्ञा ३० दिवस न थांबता तेच काम करते. त्याच आज्ञेला 'रिसेट-बेस' हा शब्द जोडला तर तोपर्यंत बसलेल्या अपडेट पुन्हा काढता येत नाहीत. म्हणून तो शब्द सामान्य माणसाने जोडू नये.

एका बटनात संगणक वेगवान करून देतो, असे सांगणारी फुकटची सॉफ्टवेअर घेऊ नयेत. लागणारे साधन विंडोजमध्येच आहे. तसेच जागा वाचवण्यासाठी अपडेट घेणेच बंद करू नये. जागा काही जीबीचीच सुटेल, पण दार उघडे राहील. ज्या संगणकावरून शिष्यवृत्तीचे अर्ज जातात, आधार क्रमांक आणि बँकेचे खाते क्रमांक टाइप होतात, त्याचे दार उघडे असणे परवडणारे नाही. सी-ड्राइव्हवर साधारण २० जीबी जागा नेहमी मोकळी असावी, म्हणजे मोठी सुधारणा आली तरी अडणार नाही. 'स्टोरेज सेन्स' ही सोय सुरू ठेवली तर किरकोळ कचरा आपोआप निघत राहतो. तिच्या मांडणीतही 'डाउनलोड्स' पुसण्याचा पर्याय 'नेव्हर' वर ठेवावा.

तराफा आणि चीवर

मज्झिम निकायातील अलगद्दूपम सुत्तात भगवान बुद्धांनी दिलेला तराफ्याचा दृष्टान्त आपल्यापैकी अनेकांनी वर्षावासातील प्रवचनात ऐकला असेल. एक वाटसरू मोठ्या जलाशयाच्या अलीकडच्या, धोक्याच्या तीरावर उभा आहे. गवत, काटक्या, फांद्या बांधून तो तराफा करतो आणि हातापायांनी वल्हवत पैलतीर गाठतो. आता या तराफ्याने माझ्यावर फार उपकार केले, म्हणून तो डोक्यावर घेऊन तो पुढे चालला तर ते योग्य होईल काय? तराफा पार होण्यासाठी होता, कवटाळून बसण्यासाठी नव्हता. बुद्धांनी हे धम्माच्या संदर्भात सांगितले, इतक्या मोठ्या दृष्टान्ताला संगणकाशी जोडणे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु रोजच्या व्यवहारात आपण असे किती तराफे डोक्यावर वागवतो! संगणकातली २६ जीबीची जुनी प्रणाली हा त्यातलाच एक.

पण याला दुसरी बाजूही आहे, ती विनयपिटकातल्या चुल्लवग्गात सापडते. राजा उदेनाच्या राण्यांनी स्थविर आनंदांना ५०० चीवरे दान दिली. राजाने विचारले, इतक्या चीवरांचे करणार काय? आनंदांनी सांगितले, ज्यांची फाटली आहेत त्या भिक्खूंना देऊ. मग जुन्यांचे काय? त्यांची पांघरुणे-आच्छादने होतील. त्याहून जुन्यांची पायपुसणी, मग फडकी, आणि शेवटी चिंध्या कुटून मातीत मिसळून जमीन सारवली जाईल. जुने म्हणून काहीही न पाहता टाकले गेले नाही. सोडणे आणि उधळणे यांत फरक आहे, तो या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की कळतो.

आपल्या समाजाला हा फरक अधिक नीट कळायला हवा. पिढ्यान्‌पिढ्या आपला इतिहास लिहून ठेवण्याची सोय आपल्याला नव्हती. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड प्रकाशित केले. त्यांतील काही ग्रंथ बाबासाहेबांच्या हयातीत छापलेच गेले नव्हते. कोणीतरी ते कागद जपले म्हणून आज ते आपल्या हाती आहेत. रद्दी समजून एखाद्याने ती बाडे विकली असती तर? आपल्या वस्तीतल्या आयांचे आवाज हेही आपल्यापुरते तसेच बाड आहे. ते कागदावर नसून संगणकाच्या एका अडगळीच्या फोल्डरमध्ये होते, इतकेच.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक नम्र सूचना ठेवतो. मंडळाच्या सर्व छायाचित्रांच्या आणि ध्वनिमुद्रणांच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या घरी असाव्यात. त्यांची नोंद एका साध्या वहीत असावी, आणि दर सहा महिन्यांनी दोघांनी मिळून त्या उघडून पाहाव्यात. संगणक दुरुस्तीला देण्याआधी ही वही तपासावी. याला खर्च फार नाही, शिस्त मात्र लागते. अभ्यासिकेतील मुलामुलींनी संगणकाच्या साफसफाईचे काम आळीपाळीने अंगावर घेतले तर त्यांनाही एक कौशल्य येईल.

त्या संध्याकाळी अर्ज गेल्यावर आम्ही बाहेरच्या डिस्कवरील पहिलीच फाइल लावली. हयात नसलेल्या एका आजींचा खणखणीत आवाज अभ्यासिकेत घुमला. मागच्या बाकावर अभ्यास करणारा त्यांचा नातू उठून पुढे आला आणि शेवटपर्यंत उभा राहून ऐकत राहिला.

जयभीम !